कार्य कोणत्या बलाचे? भौतिकशास्त्रातली 'कार्य' ही संकल्पना पायरी-पायरीने

नववीत 'कार्य आणि ऊर्जा' हा धडा येतो. सूत्र एका ओळीचे असते, ते पाठ होते आणि गुणही मिळून जातात. खरी अडचण अकरावीत येते. एकाच पोत्यावर चार-चार बले लागलेली असतात, दोरी तिरपी असते, खाली खरखरीत फरशी असते आणि प्रश्न येतो : 'केलेले कार्य काढा.' कोणी केलेले? दोरीने? घर्षणाने? की सगळ्यांनी मिळून?

कार्याची बहुतेक गणिते हा प्रश्न न विचारल्यामुळे चुकतात, असे माझे ठाम मत आहे. भौतिकशास्त्रात कार्य माणसाचे, बैलाचे किंवा मोटारीचे म्हणून मोजत नाहीत. एका ठरावीक बलाने एका ठरावीक वस्तूवर केलेले कार्य मोजतात. ही सवय एकदा हाताला लागली की पुढचा स्थितिज ऊर्जेचा, ऊर्जा अक्षय्यतेचा, अगदी उष्मागतिकीचाही भाग सोपा जातो. म्हणून घाई न करता, क्रमाने जाऊ.

व्याख्या, पण पूर्ण

वस्तूवर एखादे स्थिर बल लागू आहे आणि त्या काळात वस्तूचे विस्थापन झाले, तर

कार्य = बल × विस्थापन × (बल आणि विस्थापन यांच्यातल्या कोनाचा कोसाइन)

इथे 'स्थिर' हा शब्द शोभेचा नाही. बलाचे परिमाण आणि दिशा दोन्ही बदलत नसतील, तरच हे सूत्र असे थेट वापरता येते. त्याकडे आपण पुढे नीट वळणारच आहोत.

एकक ज्यूल. एक न्यूटन बलाने त्याच्याच दिशेत एक मीटर विस्थापन झाले की एक ज्यूल कार्य. शंभर ग्रॅमच्या आसपासचा टोमॅटो जमिनीवरून उचलून एक मीटर उंच ओट्यावर ठेवला, की हाताच्या बलाने टोमॅटोवर साधारण एक ज्यूल कार्य केले. जुन्या पुस्तकांत अर्ग हे एकक दिसेल; एक ज्यूल म्हणजे एक कोटी अर्ग.

ही व्याख्या अशीच का, हे कळायला थोडे मागे जावे लागते. इंग्लंडमध्ये खाणीतले पाणी उपसायला वाफेची यंत्रे बसवली गेली, तेव्हा कोणते यंत्र सरस हे ठरवायला एक माप लागत होते. अभियंते ते किती वजन किती उंच चढवले यावरून ठरवत. बल आणि अंतर यांच्या गुणाकाराला 'कार्य' हे नाव पक्के करून देणारा फ्रेंच शास्त्रज्ञ गास्पार गुस्ताव्ह कोरिऑलिस. त्याचा यंत्रांवरचा ग्रंथ १८२९ सालचा. म्हणजे ही राशी जन्मली तीच 'हाती काय पडले' हे मोजायला. किती घाम गाळला, हे मोजणे तिचे काम कधीच नव्हते.

पायऱ्या, एका पोत्यावर

३० किलोचे धान्याचे पोते घ्या. ते गोदामाच्या सपाट फरशीवर आहे. पोत्याला दोरी बांधली आहे आणि दोरी जमिनीशी ३७ अंशांचा कोन करते. दोरीतला ताण १०० न्यूटन. फरशी आणि पोते यांच्यातला घर्षण गुणांक ०.२५, म्हणजे फरशी पोत्याला जितक्या बलाने पेलते त्याच्या पाव भाग घर्षण. पोते स्थिर अवस्थेतून सुरू होऊन ५ मीटर सरकते. हिशोब सोपा राहावा म्हणून गुरुत्व त्वरण १० धरू. ३७ अंशांचा कोसाइन ०.८ आणि साइन ०.६ धरायची पद्धत आहेच.

*पहिली पायरी : वस्तू ठरवा.* वहीत लिहा, 'वस्तू : पोते'. दोरी नाही, ओढणारा हमाल नाही, फरशी नाही. हे लिहिणे पोरकट वाटेल, तरी लिहा.

*दुसरी पायरी : त्या वस्तूवर लागणारी सगळी बले चित्रात दाखवा.* पोत्याच्या जागी एक ठिपका काढा आणि त्यातून बाण निघू द्या. खाली वजन, ३०० न्यूटन. वर फरशीचे अभिलंब बल, म्हणजे फरशी पोत्याला काटकोनात वर ढकलते ते बल. तिरका वर जाणारा दोरीचा ताण, १०० न्यूटन. मागे घर्षण. चार बाण. हमालाचा हात पोत्याला लागत नाही, म्हणून हाताचा बाण नाही. हात दोरीला ओढतो आणि दोरी पोत्याला.

*तिसरी पायरी : विस्थापन दाखवा, पण बलाच्या बाणापेक्षा वेगळ्या रंगात.* ५ मीटर, पुढे, आडवे.

*चौथी पायरी : प्रत्येक बाणाचा विस्थापनाशी कोन लिहा.* कोन मोजताना दोन्ही बाणांच्या शेपट्या एका बिंदूत आणा. ताण : ३७ अंश. वजन : ९० अंश. अभिलंब बल : ९० अंश. घर्षण : १८० अंश.

*पाचवी पायरी : अज्ञात बले शोधा.* बहुतेक जण इथे घसरतात. घर्षण काढायला ०.२५ ला थेट ३०० ने गुणतात आणि ७५ न्यूटन लिहून मोकळे होतात. पण दोरी पोत्याला पुढे ओढता-ओढता थोडे उचलूनही धरते आहे. ताणाचा उभा घटक १०० × ०.६ = ६० न्यूटन. फरशीला उरलेलेच पेलायचे आहे, ३०० − ६० = २४० न्यूटन. म्हणून घर्षण ०.२५ × २४० = ६० न्यूटन.

*सहावी पायरी : एकेका बलाचे कार्य वेगवेगळे काढा.*

ताण : १०० × ५ × ०.८ = +४०० ज्यूल
घर्षण : ६० × ५ × (−१) = −३०० ज्यूल
वजन : ०
अभिलंब बल : ०

*सातवी पायरी : बेरीज करा आणि ताळा घ्या.* एकूण कार्य +१०० ज्यूल. एकूण कार्य म्हणजे गतिज (गतीमुळे असलेल्या) ऊर्जेतला बदल, हा कार्य-ऊर्जा सिद्धांत. पोते स्थिर होते, म्हणून शेवटची गतिज ऊर्जा १०० ज्यूल. निम्मे वस्तुमान १५, त्याला वेगाच्या वर्गाने गुणले की १०० यायला हवेत. वेगाचा वर्ग ६.६७ आणि वेग सेकंदाला सुमारे २.६ मीटर.

आता हेच न्यूटनच्या नियमाने करून पाहा. आडवे निव्वळ बल ८० − ६० = २० न्यूटन. त्वरण २० ÷ ३० = ०.६६७. वेगाचा वर्ग = २ × ०.६६७ × ५ = ६.६७. जुळले. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आले की जी खात्री वाटते, ती पुस्तकामागची उत्तरे पाहून येत नाही. ताळ्याची सवय सोडू नका.

आता 'केलेले कार्य काढा' या प्रश्नाची तीन उत्तरे तुमच्यासमोर आहेत : ४००, −३०० आणि १००. तिन्ही बरोबर आहेत, तीन वेगळ्या प्रश्नांची. प्रश्नपत्रिकेत कोणता प्रश्न आहे ते वाचा आणि उत्तरासोबत बलाचे नाव लिहा. 'कार्य = ४०० ज्यूल' हे अर्धे वाक्य झाले. 'दोरीच्या ताणाने पोत्यावर केलेले कार्य = ४०० ज्यूल' हे पूर्ण वाक्य.

धन, ऋण, शून्य

कार्याला दिशा नसते. बल सदिश, विस्थापन सदिश, पण त्यांच्या या गुणाकारातून निघते ती अदिश राशी. मग ऋण चिन्ह काय सांगते? ऊर्जा कुठून कुठे गेली, ते सांगते. धन कार्य म्हणजे त्या बलाने वस्तूला ऊर्जा दिली. ऋण म्हणजे वस्तूकडून काढून घेतली. भरलेली बादली सावकाश खाली ठेवताना हाताचे बल वर आणि विस्थापन खाली, म्हणून हाताचे कार्य ऋण; त्याच वेळी गुरुत्वाचे कार्य धन.

शून्य कार्य तीन कारणांनी येते : बलच नाही, विस्थापन नाही, किंवा दोहोंत काटकोन आहे. यात कुणाला शंका नसते. शंका येते ती थकव्याची. हातात दहा किलोची पिशवी धरून रिक्षाची वाट पाहत अर्धा तास उभे राहिले की खांदे भरून येतात, आणि पुस्तक म्हणते कार्य शून्य. दोन्ही खरे आहे. पिशवी हलली नाही, म्हणून हाताच्या बलाने पिशवीवर केलेले कार्य शून्यच. पण स्नायू ताणलेला ठेवायचा तर त्याचे तंतू सतत आखडावे लागतात, सैल पडावे लागतात, पुन्हा आखडावे लागतात. त्यासाठी शरीरातली रासायनिक ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. ती ऊर्जा पिशवीपर्यंत पोहोचतच नाही. तीच पिशवी बाकावर ठेवली तर बाक तेवढेच बल लावतो, आणि त्याला काही खर्च करावे लागत नाही.

काही नियम पाठ केले जातात आणि पुढे घात करतात. 'अभिलंब बलाचे कार्य नेहमी शून्य.' नाही. वर जाणाऱ्या लिफ्टमध्ये तुम्ही उभे आहात. लिफ्टची जमीन तुम्हाला वर ढकलते आणि तुमचे विस्थापनही वर आहे. अभिलंब बलाचे कार्य धन आहे. 'घर्षणाचे कार्य नेहमी ऋण.' हेही नाही. टेम्पो वेग घेत असताना त्याच्या हौद्यात ठेवलेले खोके न घसरता सोबत पुढे जाते, ते कोणत्या बलाने? हौद्याच्या घर्षणाने. रस्त्यावरून पाहणाऱ्याच्या दृष्टीने खोक्यावर घर्षणाने केलेले कार्य धन आहे. असे नियम पाठ करण्याऐवजी दर वेळी कोन पाहा. दोन सेकंद लागतात.

उंची चढताना

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. टाकीसकट भरलेला सिलिंडर साधारण ३० किलोचा धरू आणि इथे गुरुत्व त्वरण ९.८ घेऊ. तो खांद्यावर घेऊन माणूस तिसऱ्या मजल्यावर, ९ मीटर उंच चढतो. सावकाश आणि एकसारख्या वेगाने चढला तर सिलिंडरवर केलेले कार्य ३० × ९.८ × ९ = २६४६ ज्यूल. जिना नागमोडी आहे की सरळ, याने फरक पडत नाही, कारण गुरुत्वाचे कार्य फक्त उंचीतल्या फरकावर ठरते.

पण त्याने स्वतःलाही वर चढवले. त्याचे वस्तुमान ६० किलो धरले तर आणखी ५२९२ ज्यूल. एकूण ७९३८. आता हे वीजबिलाशेजारी ठेवा. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. तीन मजले सिलिंडर चढवण्याचे असे साडेचारशेहून अधिक फेरे, तेव्हा कुठे एक युनिट. एक युनिट विजेत किती काम भरलेले आहे, हे मला तरी या हिशोबाइतके दुसऱ्या कशाने कधी जाणवलेले नाही. शिवाय स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा साधारण पाव भागच कार्यात उतरवतात, बाकीची उष्णता होते. म्हणून त्या माणसाच्या शरीरातून प्रत्यक्षात याच्या चौपट ऊर्जा जाते.

फळीची युक्तीही इथेच समजून घ्या. १०० किलोचे पिंप १ मीटर उंच टेम्पोत चढवायचे आहे. सरळ उचलायला ९८० न्यूटन बल लागेल. ३ मीटरची फळी लावून लोटत नेले, तर घर्षण सोडून देता सुमारे ३२७ न्यूटन पुरते, पण अंतर तिप्पट. गुणाकार दोन्हीकडे ९८० ज्यूल. फळीने कार्य वाचत नाही, बल वाचते. पिंप घसटत नेले तर घर्षणामुळे कार्य उलट वाढते, म्हणून हमाल ते आडवे करून लोळवत नेतात.

घाण्याचा बैल आणि विस्थापनाचा घोळ

हा भाग सावकाश वाचा, कारण इथे सूत्र अपुरे पडते आणि ते कुठे पडते हे कळले की संकल्पना पक्की होते.

लाकडी तेलघाण्याला जुंपलेला बैल गोल फिरतो. एक फेरा पुरा झाला की तो निघाला त्याच जागी येतो. विस्थापन शून्य. सूत्रात शून्य घातले तर कार्य शून्य. पण घाण्यातून तेल तर निघाले!

चूक सूत्र लावण्यात आहे. बैलाच्या ओढीची दिशा क्षणाक्षणाला बदलते. ती वर्तुळाच्या स्पर्शिकेने जाते. स्थिर बलाची अट मोडली. उपाय असा : वाटेचे इतके लहान तुकडे करा की प्रत्येक तुकडा सरळ वाटेल. प्रत्येक तुकड्यावर ओढीची दिशा आणि त्या तुकड्याचे विस्थापन एकाच रेषेत आहेत, कोन शून्य, कार्य धन. सगळ्या तुकड्यांची बेरीज म्हणजे बल गुणिले परिघाची लांबी. त्रिज्या ३ मीटर आणि ओढ ३०० न्यूटन धरली, तर परीघ १८.८५ मीटर आणि एका फेऱ्याचे कार्य सुमारे ५६५५ ज्यूल. घाण्यातले घर्षण प्रत्येक तुकड्यावर विरुद्ध दिशेने असते, म्हणून त्याचे कार्य फेऱ्यागणिक ऋण साठत जाते. ते शून्य होत नाही.

याच्याशेजारी गोफण ठेवा. गरगर फिरणाऱ्या दगडावर दोरीचा ताण केंद्राकडे असतो आणि दगडाचे प्रत्येक छोटे विस्थापन स्पर्शिकेने, म्हणजे ताणाशी काटकोनात. वेग एकसारखा असताना ताणाचे कार्य प्रत्येक तुकड्यावर शून्य, म्हणून पाव फेऱ्यालाही शून्य. 'पूर्ण फेऱ्यात विस्थापन शून्य म्हणून कार्य शून्य' असे कारण लिहिले तर उत्तर बरोबर आणि कारण चूक. तोंडी परीक्षेत नेमका हाच प्रश्न विचारावा असा आहे.

जेम्स वॉटने अश्वशक्तीचे माप बसवले, तेही चक्कीभोवती गोल फिरणाऱ्या घोड्यावरून. ओढ गुणिले परिघाची लांबी गुणिले मिनिटाचे फेरे, हा त्याचा हिशोब. त्यातून मिनिटाला ३३,००० फूट-पौंड हा आकडा ठरला. आजच्या भाषेत सुमारे ७४६ वॅट, म्हणजे सेकंदाला ७४६ ज्यूल कार्य.

बलाचे परिमाण बदलते तेव्हा

विहिरीतून पाणी शेंदताना दोर हाताशी येत जातो, तसे ओझे हलके होते. भरलेली बादली १० किलो, दोर मीटरला अर्धा किलो, खोली १० मीटर. सुरुवातीला हाताला १५ किलोचे वजन, १४७ न्यूटन. शेवटी फक्त बादली, ९८ न्यूटन. आडव्या अक्षावर विस्थापन आणि उभ्या अक्षावर बल घेऊन आलेख काढा. वरून खाली उतरणारी सरळ रेषा मिळेल आणि तिच्याखालचे क्षेत्रफळ म्हणजेच कार्य. हा समलंब चौकोन आहे : (१४७ + ९८) ÷ २ × १० = १२२५ ज्यूल.

ताळा घ्या. बादलीचे ९८० ज्यूल. दोर एकूण ५ किलोचा, त्याचा मध्य ५ मीटर वर आला, म्हणून २४५ ज्यूल. बेरीज १२२५. स्प्रिंगचे कार्य 'निम्मा स्थिरांक गुणिले लांबीतल्या वाढीचा वर्ग' असे का येते, तेही याच आलेखात दिसते. तिथे समलंब चौकोनाऐवजी त्रिकोण असतो आणि ते 'निम्मे' त्रिकोणाच्या क्षेत्रफळातले असते. बारावीचे संकलन दुसरे काही करत नाही, वक्र रेषेखालचे क्षेत्रफळच मोजते.

ब्रेकचे अंतर

कार्य-ऊर्जा सिद्धांताचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा उपयोग रस्त्यावरचा आहे. गाडी थांबते म्हणजे तिची सगळी गतिज ऊर्जा घर्षणाच्या ऋण कार्यात जाते. घर्षणाचे बल तेवढेच राहिले, तर थांबायचे अंतर गतिज ऊर्जेच्या, म्हणजे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कोरड्या रस्त्यावर चाके घसरत थांबताना घर्षण गुणांक ०.७ धरा. ताशी ४० किलोमीटरला, म्हणजे सेकंदाला ११.१ मीटरला, अंतर साधारण ९ मीटर येते. ताशी ८० ला ३६ मीटर. वेग दुप्पट, अंतर चौपट, आणि ब्रेक दाबायला लागणाऱ्या क्षणभरात गाडी जे अंतर कापते ते यात धरलेलेच नाही. गाडीचे वस्तुमान समीकरणाच्या दोन्ही बाजूंनी उडून जाते. पावसात गुणांक निम्मा झाला तर हे अंतर दुप्पट होईल. गाडीची किल्ली हाती येण्याआधी प्रत्येक मुलाने आणि मुलीने हे गणित स्वतःच्या हाताने सोडवलेले असावे, असे मला मनापासून वाटते.

सरावाला चार

१. वरचेच ३० किलोचे पोते, तोच १०० न्यूटन ताण, तोच घर्षण गुणांक, पण दोरी आडवी. ५ मीटरनंतर एकूण कार्य किती? (१२५ ज्यूल. ताणाचे ५००, घर्षणाचे −३७५. तिरप्या दोरीपेक्षा हे जास्त का आले, ते घटक पाडून शोधा.)

२. दहा किलोची पिशवी जमिनीवरून १ मीटर उचलली, १० मीटर एकसारख्या वेगाने सपाट चाललात आणि पिशवी परत जमिनीवर ठेवली. गुरुत्वाचे एकूण कार्य? (शून्य : उचलताना −९८, चालताना ०, ठेवताना +९८.)

३. पाना फिरवताना बलाचे आघूर्ण २० न्यूटन-मीटर आहे. हे २० ज्यूल कार्य का नाही? (तिथे अंतर बलाच्या दिशेतले विस्थापन नसून, अक्षापासून बलाच्या रेषेपर्यंतचे लंब अंतर आहे. पाना जराही न हलता आघूर्ण असू शकते.)

४. घाण्याच्या बैलाने मिनिटाला २ फेरे मारले, तर त्याची शक्ती किती? (५६५५ × २ ÷ ६० = सुमारे १८९ वॅट, म्हणजे वॉटच्या अश्वशक्तीचा साधारण चौथा हिस्सा.)